बी भिजावे, बुडू नये



आज मी आपल्याशी एका अगदी लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. पेरलेल्या बियाण्याला पहिले आठ-दहा दिवस पाणी कसे द्यावे, ही ती गोष्ट. कोणी म्हणेल, यात सांगण्यासारखे काय आहे? बी टाकले, पाणी घातले, उगवले! पण ज्यांनी पौषातल्या थंडीत पहाटे वायंगणाच्या तरव्याजवळ बसून पाटाचे तोंड हाताने उघडले-मिटले आहे, त्यांना ठाऊक आहे की, शेतकऱ्याचे पुढचे चार महिने त्या आठ-दहा दिवसांवर उभे असतात. आणि थोडे मागे वळून पाहिले, तर आपल्या मालवण किनाऱ्याचा चार-पाचशे वर्षांचा इतिहासही याच पाण्यात उतरलेला दिसतो. तो इतिहास राजांच्या लढायांचा नाही, म्हणून शाळेच्या पुस्तकात फारसा येत नाही. तो आज थोडक्यात सांगावा असे मनात आहे.

सुरुवातीला एक गोष्ट लक्षात घेऊ. भात हे गवत आहे. गुरुजनांना हे ठाऊकच आहे. वनस्पतिशास्त्राने भात, नाचणी, वरी, ऊस, बांबू आणि आपल्या परसातली हरळी यांना एकाच कुळात घातले आहे, आणि ते कूळ गवताचे. विलायतेत बंगल्यापुढे हिरवळ राखण्याची हौस फार. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने हिरवळ कापण्याचे यंत्र काढले, आणि ती हौस सरदारांच्या वाड्यांवरून साध्या घरांपर्यंत पोचली. पुढे साहेबाबरोबर ती आपल्या देशात आली. जिमखान्यांवर आणि कलेक्टरांच्या बंगल्यांपुढे बसली. आपल्याकडे मात्र अंगण म्हटले की चोपून, शेणाने सारवून स्वच्छ ठेवायचे. अंगणात गवत वाढले तर सासू सुनेकडे पाहायची! तरीसुद्धा दाट पेरलेली, पाणी घालून जोपासलेली हिरवळ आपल्याला नवी नाही. ती आपण तरव्याच्या वाफ्यात वाढवत आलो. हिरव्या मखमलीसारखा तो तुकडा डोळ्यांना गोड दिसतो, आणि त्यावर घरातल्या माणसांची पेज अवलंबून असते, एवढाच काय तो फरक.

आता कोणी विचारील, कोकणात पाण्याची कसली आली आहे चिंता? आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सह्याद्रीपासून समुद्र फार दूर नाही. गड नदी काय, कर्ली काय, डोंगरातून निघाल्या की थोडक्या वाटेने खाडीला मिळतात. वर जमीन जांभ्याची. जांभा पाणी पितो खरा, पण ते धरून ठेवीत नाही. श्रावणात जो व्हाळ माणसाला पाय टेकू देत नाही, तोच शिमग्याच्या सुमारास पोरांना खेळायला कोरडी वाळू देतो. तात्पर्य, आपल्याकडे उणीव पावसाची कधी नव्हती. पडलेले पाणी अडवून, वेळेवर आणि मोजके कसे द्यायचे, हा आपला प्रश्न होता. आजही तोच आहे.

मालवण १८१२ साली कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेले आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यात मोडू लागले. शेजारचे सावंतवाडी हे संस्थान १९४८ साली विलीन झाले. १८८० साली मुंबई सरकारने आपल्या गॅझेटियरचा दहावा खंड छापला, तो या रत्नागिरी जिल्ह्याचा आणि सावंतवाडी संस्थानाचा. पुढे १ मे १९८१ रोजी आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. राज्ये बदलली, कचेऱ्या बदलल्या. तरवा पेरण्याची रीत मात्र फारशी बदलली नाही.

ती रीत दोन हंगामांची. पहिला हंगाम पावसाळ्याचा. उन्हाळ्यात तरव्याच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरायच्या, वर माती टाकायची आणि ते सारे जाळायचे. याला आपण भाजावळ म्हणतो. उत्तर कोकणात राब म्हणतात. त्याने तणाचे बी मरते आणि रोपाला राख मिळते. या राबासाठी जंगलातल्या फांद्या तोडायच्या की नाहीत, यावरून एकोणिसाव्या शतकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे सरकारशी मोठे भांडण झाले. सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ साली आला. तरव्याचा तो एवढासा वाफा, पण त्याने मुंबई सरकारला दोन वर्षे कामाला लावले!

भाजावळ झाली की रोहिणी नक्षत्रात कोरड्या मातीत बी टाकायचे. ही धूळवाफ. बी मातीत पडून राहते आणि पहिल्या सरीची वाट पाहते. येथे पाणी देणारा देव, आणि शेतकऱ्याच्या हाती फक्त आभाळाकडे पाहणे. एखादी सर पडून बी फुगते आणि मग आठ दिवस पाऊस दडी मारतो. फुगलेले बी परत सुकले की मेले, ते पुन्हा जागे होत नाही. किंवा उलट होते. मृगाचा पाऊस असा कोसळतो की, बी वाफ्यातून वाहून खालच्या मेरेला गोळा होते. म्हणून चतुर शेतकरी सगळे बी एकदम टाकीत नसे. थोडे धूळवाफेला, थोडे मागे ठेवून मोड काढून चिखलावर. पहिले गेले तर दुसरे हाताशी.

दुसरा हंगाम वायंगणाचा. पावसाळी भात कापून झाले, व्हाळाला पाणी आहे, अशा वेळी व्हाळाकाठच्या किंवा तळ्याखालच्या कुणग्यांत पुन्हा भात लावायचे. ते चैत्राच्या मागेपुढे कापणीला येते. या हंगामात आभाळाचा काही भरवसा नाही. तरव्याचा थेंब न् थेंब माणसाने आणायचा. म्हणून बियाण्याला पाणी देण्याची खरी विद्या वायंगणाने शिकवली, असे मी म्हणतो.

ही विद्या कशी होती ते पाहा. भाताचे बी एक दिवस-रात्र पाण्यात भिजवायचे. वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे. मग पाणी निथळून, पेंढ्यात गुंडाळून, वर दगडाचे वजन देऊन ते उबेला ठेवायचे. दीड-दोन दिवसांत पांढरे मोड दिसू लागतात. थंडी असली तर थोडा वेळ अधिक. असे मोड आलेले बी चिखल करून सपाट केलेल्या वाफ्यावर हलक्या हाताने फेकायचे. आणि येथून जोखीम सुरू होते.

नवख्याला वाटते, भात म्हणजे पाण्यातले पीक, तेव्हा वाफा भरून टाकावा. तसे केले की बी फसते. बियाण्यालाही हवा लागते. पाण्याखाली गुदमरले की त्याचा कोंब हवा शोधत भराभर वर येतो, पण मूळ मागे राहते. वरून पाहावे तर हिरवे दिसते, आणि जरा वारा सुटला की सगळे उपटून तरंगते. म्हणून पहिले काही दिवस वाफ्यावर पाणी साठू द्यायचे नाही. चिखल नुसता ओला ठेवायचा. वर भेग पडता कामा नये आणि डबके साचता कामा नये. मूळ धरले, रोप बोटभर झाले, की मग हळूहळू पाणी चढवायचे. आमची आजी हे सारे शास्त्र चार शब्दांत सांगत असे. ती म्हणायची, "बी भिजाक होया, बुडाक नको."

ते चार शब्द मी एका रात्रीत शिकलो. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. वडील मुंबईला गिरणीत. आजीला ताप आला होता, म्हणून रात्रीच्या पाळीचे पाणी तरव्याला लावायचे काम माझ्याकडे आले. पाटाचे तोंड वीतभर उघडायचे, वाफ्याच्या चारी कडा ओल्या झाल्या की चिखलाने बंद करायचे, एवढेच काम. मी तोंड उघडले, मेरेवर घोंगडी टाकून बसलो आणि तेथेच झोपलो. उठलो तेव्हा उजाडले होते. वाफा तळ्यासारखा भरला होता आणि तीन दिवसांचे बी वाहून एका कोपऱ्यात फेसाबरोबर गोळा झाले होते. आजी तशीच तापात उठून आली. तिने मला मारले नाही. नुसती त्या कोपऱ्याकडे पाहत उभी राहिली. घरात दुसरे बी उरले नव्हते. शेवटी शेजारच्या काकींनी लावणी उरकल्यावर आपला उरलेला तरवा दिला, म्हणून आमच्या दोन कुणग्यांत त्या वर्षी वायंगण दिसले. तिसरा कुणगा पडीक राहिला. त्या पडीक कुणग्याकडे पाहतच मी पुढचे तीन महिने शाळेत गेलो.

हे घरचे सांगितले, कारण यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. वायंगण एकट्याने होत नाही. पाणी एकाचे नसते. पाऊस संपता संपता गावकरी व्हाळावर जमत. देवाला गाऱ्हाणे घालून माती, दगड, झाडांच्या फांद्या यांचा बांध घालत. बांधाने पाण्याची पातळी वर आली की ते पाटाने कुणग्यांत उतरत असे. जेथे शेत उंचावर, तेथे लाट लागे. उभ्या खांबावर आडवे लाकूड, त्याच्या एका टोकाला दगडाचे ओझे, दुसऱ्या टोकाला पाणी उपसायचे भांडे. भांडे खाली ओढायचे, दगडाच्या भाराने ते भरून वर येते. साधे यंत्र, पण दिवसभर चालवणाऱ्याचे खांदे भरून येत. मग पाण्याच्या पाळ्या ठरत. आज वरच्या वाडीचे, उद्या खालच्या वाडीचे. पाळी चुकवून कोणी रात्री पाट फोडला, तर ते भांडण गावऱ्हाटीत मानकऱ्यांपुढे जाई. पाळी पाळण्याचे कारण साधे होते. लावणी झालेले भात पाण्यावाचून चार दिवस तग धरते. नुकते पेरलेले बी एक दुपारसुद्धा धरत नाही. म्हणून ज्याचा तरवा कोवळा, त्याला पाणी आधी द्यावे, हे सगळ्यांना पटण्यासारखे होते.

अर्थात जुने ते सगळे सोने होते, असे मी म्हणणार नाही. पाळी ठरवणाऱ्यांत सगळ्यांना सारखा मान नव्हता. पाटाच्या तोंडाशी कोणाची जमीन आणि शेपटाशी कोणाची, हे जातीवरून आणि जमीनदारीवरून पुष्कळ वेळा ठरलेले असे. शेत कसणारा एक आणि पिकाचा मालक दुसरा, अशी अवस्था होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस, म्हणजे कसणारा कूळ मालक मानला गेला तो दिवस, यांनी पुष्कळ घरांना स्वतःची मेर दिली. ज्याची मेर त्याला ती बांधण्याची आस्था, हे खरेच आहे.

आता मी आपल्याला धामापूरला नेतो. मालवण तालुक्यात कर्लीच्या बाजूला धामापूर आणि काळसे ही गावे. तेथे टेकड्यांच्या कुशीत, दाट झाडीत एक मोठे तळे आहे. काठावर भगवती देवीचे देऊळ. हे तळे नैसर्गिक नाही. माणसांनी बांध घालून ते केले आहे. विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई याने १५३० साली ते बांधविले, अशी नोंद सांगतात. १५३० म्हणजे किती मागे? त्याच वर्षी उत्तरेत बाबर बादशहा वारला. शिवछत्रपतींचा जन्म व्हायला अजून शंभर वर्षे होती. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तो १६६४ साली. धामापूरचा बांध त्याहून एकशे चौतीस वर्षांनी वडील आहे.

किल्ल्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. सिंधुदुर्गात चहूकडे खारे पाणी, पण आत दूध बाव, दही बाव आणि साखर बाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. पाहुणे त्या कौतुकाने पाहतात. किल्ल्याला जसे पिण्याचे गोडे पाणी, तसे शेताला तरव्याचे गोडे पाणी. खाडीकाठच्या लोकांना हे सांगायला नको. थोरल्या भातापेक्षा कोवळ्या रोपाला खारेपणा अधिक बाधतो. उन्हाळ्यात खाडीकाठची विहीर मचूळ झाली की, त्या पाण्यावर तरवा पिवळा पडतो. गोड्या पाण्याचे तळे उंचावर असणे, त्यातून पाणी उताराने आपोआप पाटात उतरणे आणि त्याला लाट न लागणे, ही केवढी सोय! ही सोय १५३० साली कोणीतरी ओळखली. बांध घालणाऱ्या शेकडो हातांची नावे कोठे लिहिलेली नाहीत, पण जागा निवडणारा डोळा आणि माती वाहणारे हात, दोन्ही जाणत्यांचे होते, याची साक्ष तळे स्वतः देते.

या तळ्याची एक दंतकथा आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. पूर्वी कोणा गरिबाच्या घरी लग्न निघाले की, तो परडीत फुले घालून ती तळ्यावर सोडी आणि देवीला विनवी. परडी पाण्यात बुडे आणि वर येई ती सोन्याच्या दागिन्यांनी भरून. लग्न आटोपले की दागिने परत तळ्यात सोडायचे. पुढे एकाला लोभ सुटला. त्याने दागिने परत केले नाहीत. त्या दिवसापासून देवीने देणे बंद केले.

शाळेतली मुले विचारतात, गुरुजी, हे खरे का? मी त्यांना सांगतो, दागिन्यांचे मला ठाऊक नाही, पण हिशेब खरा आहे. तळे उसने देते. बांधाने पाणी दिले, त्याने भात झाले, भाताने लग्ने झाली. आता त्या बदल्यात आपण तळ्याला काय परत दिले? बांधावर माती टाकली का? पाटातला गाळ काढला का? वरच्या डोंगरावरची झाडे राखली का? गाळ नाही काढला, तर देवी कोपण्याची वाट पाहावी लागत नाही. पाट आपोआप बुजतो आणि देणे बंद होते. आपल्यात म्हण आहेच, तळे राखील तो पाणी चाखील. चाखण्याची गोष्ट आपण पाठ केली, राखण्याची विसरलो.

विसरलो ते का, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली आणि ती १८५६ च्या सुमारास चालू झाली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे रत्नागिरी जिल्ह्याचा तरुण मुलगा मिसरूड फुटले की मुंबईच्या वाटेला लागला. त्याची मनिऑर्डर आली म्हणून कोकणातल्या चुली पेटल्या, हे विसरून चालणार नाही. पण गावात बांध घालायला हात उरले ते म्हाताऱ्यांचे आणि बायकांचे. वायंगणाचा तरवा पुष्कळ घरांत बायकांनीच जगवला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे दिवस फिरले. कित्येक जण गावी परत आले. पण तोवर व्हाळावरच्या बांधाची सवय पुष्कळ ठिकाणी मोडली होती. पाळी कोणाची, हे विचारायलाच कोणी नव्हते.

मध्यंतरी चांगल्याही गोष्टी झाल्या. १९६६ साली फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हे बुटके, भरघोस पिकणारे वाण बाहेर काढले. तशी वाणे आपल्या देशात आली आणि उन्हाळी भाताचा उतारा वाढला. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ निघाले. गादीवाफे करावेत, बी पातळ पेरावे, वाफ्याभोवती पाणी निघायला चर ठेवावा, ही शिकवण खेड्यापाड्यांत गेली. इंजिन आले, मग विजेचा पंप आला. लाटेचे लाकूड पडवीत जाऊन पडले. खांदे सुटले, हे उत्तम झाले. पण पंप ज्याचा त्याचा झाला, आणि व्हाळावर एकत्र येण्याचे कारण उरले नाही. पंप पाणी खेचतो. पाणी अडवीत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

अलीकडे पुन्हा जाग आली आहे. मोहन धारिया यांनी १९८६ साली वनराई ही संस्था स्थापन केली. त्या नावाने ओळखला जाणारा वनराई बंधारा आता आपल्या जिल्ह्यात गावोगाव माहीत आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती किंवा वाळू भरायची, तोंड शिवायचे आणि पाऊस ओसरला की व्हाळात त्यांची भिंत रचायची. पाहिले तर आजोबांचाच बांध, फक्त फांद्यांच्या जागी गोणी आल्या. शाळेची मुले, बचतगटाच्या बायका, ग्रामपंचायतीचे लोक एक दिवस श्रमदान करतात. विहिरींना पाणी टिकते. काही ठिकाणी त्यावर भाजीपाला आणि भातही होते.

आणि धामापूर? आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोग नावाची एक संस्था आहे. ती १९५० साली स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय नवी दिल्लीत आहे. जगभरच्या जुन्या, अजून उपयोगी असलेल्या पाणीव्यवस्थांना ती जागतिक वारशाचा मान देते. २०२० साली त्या यादीत आपले धामापूरचे तळे आले. आंध्रातल्या जुन्या तळ्या-कालव्यांबरोबर त्याचे नाव वाचले गेले. चारशे नव्वद वर्षांनी आपल्या तळ्याचा सत्कार झाला म्हणायचा! आनंद वाटला. पण मान मिळाल्याने गाळ निघत नाही. तो आपल्यालाच काढायचा आहे.

आता शेवटी थोडे कामाचे बोलू. पहिले पाणी कसे द्यावे, याचे नियम भाताला लागू तेच कोणत्याही गवताला लागू. हल्ली शाळेच्या आवारात किंवा घरापुढे हिरवळ लावण्याची हौस आपल्याकडेही आली आहे. १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा झाल्यापासून पाहुण्यांसाठी घरापुढचा तुकडा हिरवा करणारेही वाढले आहेत. करावा, त्यात वावगे नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, हिरवळ पावसाच्या तोंडावर लावावी, म्हणजे पाणी देवाचे मिळते. भर उन्हाळ्यात गावच्या विहिरीचे पाणी हिरवळीवर घालणे आणि शेजारणीने हंडा घेऊन लांब जाणे, हे शोभत नाही. दुसरे, आपली हरळी लावायची तर तिच्या मुळ्या फुटलेल्या काड्या जमिनीत खोचाव्यात. बियाण्यापेक्षा त्या लवकर धरतात. बीच पेरायचे असेल तर ते फार बारीक असते, म्हणून खोल पुरू नये. मातीचा पातळ हात फिरवावा, वर थोडा पेंढा पसरावा. पहिले दोन आठवडे दिवसातून दोन-तीनदा बारीक धारेने शिंपावे, इतकेच की वरचा बोटभर थर ओला राहील. मोठी धार सोडली की बी वाहून एका जागी गोळा होते, आणि मग जागोजागी टक्कल दिसते. सकाळी लवकर पाणी द्यावे. उगवण झाली, मूळ खाली गेले की पाण्याच्या वेळा कमी कराव्यात आणि एका वेळचे पाणी वाढवावे, म्हणजे मूळ पाण्याच्या शोधात खोल जाते. रोज वरवर शिंपत राहिले तर मूळही वरवर राहते आणि पहिल्या उन्हात करपते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. वर्गात तीन पसरट भांडी घ्या. तिन्हींत चिखल करून मोड आलेले भात पेरा. पहिले कोरडे पडू द्या, दुसरे पाण्याने भरून ठेवा, तिसरे नुसते ओले ठेवा. आठ दिवसांनी मुलांना प्रत्येकातले एकेक रोप उपटून मूळ पाहू द्या. पाण्याचा जो धडा मला एका रात्रीच्या झोपेने आणि तीन महिन्यांच्या लाजेने शिकवला, तो त्यांना आठ दिवसांत, कोणाचा कुणगा पडीक न पडता शिकता येईल. आणि मग त्यांना गावच्या तळ्यावर, व्हाळावर घेऊन जा. पाट कोठून कोठे जात होता, पाळी कशी ठरत होती, हे गावातल्या एखाद्या आजीला विचारायला सांगा आणि वहीत उतरवून घ्या. त्या आजी फार दिवस सांगायला राहणार नाहीत.

भाद्रपदात आपण गणपतीला एकवीस दूर्वा वाहतो. दूर्वा म्हणजे हीच हरळी. पायाखाली तुडवले जाणारे गवत आपण देवाच्या मस्तकावर ठेवतो, यात आपल्या पूर्वजांचे शहाणपण आहे असे मला वाटते. ज्या गवताच्या कुळाने आपल्याला भात दिला, नाचणी दिली, त्याची ती आठवण असे मी मानतो. यंदा दूर्वा खुडताना व्हाळावरच्या बांधाचीही आठवण ठेवा, आणि पाऊस ओसरला की एक दिवस तिकडे जाऊन दोन गोणी माती टाका. कोणाचा तरी कोवळा तरवा त्या पाण्याची वाट पाहत असेल.